वर्गातलं लाटणं

रेशनच्या दुकानात त्या आठवड्यात मिलो आला नव्हता, गहू आला होता. मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी खाऊन खाऊन गावाच्या जिभा जड झाल्या होत्या, त्यामुळं गहू आल्याचं कळताच दुकानापुढं ही झुंबड उडाली. आपल्या वाट्याचा एलिझाबेथनं गिरणीतून दळून आणला आणि शनिवारी सकाळची शाळा शिकवून आल्यावर चुलीपुढं बसली.

कणीक तिंबून झाली आणि मग तिचे हात थांबले. हातांना सवय बाजरीची. बाजरीचं पीठ थापलं की पसरतं आणि थांबवाल तिथं थांबतं. कणीक तसली नव्हती. थापावी तर मागं सरायची, ओढावी तर पुन्हा आखडायची. शेवटी कडा जाड, मध्ये भोक असा एक ओबडधोबड तुकडा तिनं तव्यावर टाकला.

उंबऱ्यावर तिचे वडील टोपीतली धूळ झटकत बसले होते. शांतवन गुरुजी. मिशनच्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी पारनेरच्या बाजूच्या चार गावांत त्यांना गुरुजीच म्हणत. ते काही वेळ तव्याकडं बघत राहिले.

"लाटणं आणून देऊ का?"

"नको. तुम्हाला वर्गात लागतं."

"वर्ग संध्याकाळी असतो."

"होतंय माझं हातानं."

गुरुजींनी पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारायचं आणि सोडून द्यायचं, ही त्यांची रीत होती. मुलीची रीत एकदा नाही म्हणायचं आणि धरून ठेवायचं. दोघांचं त्यामुळं कधी भांडण झालं नव्हतं. भांडण व्हायला दुसऱ्यांदा विचारावं लागतं.

गडग्यापलीकडून झुंबरबाईनं मान वर काढली. शेजारीण, वयानं मोठी, आणि तिला दिसलेलं पोटात राहत नसे.

"एलिझाबाय, पोळ्या करतीस का जोडं?"

"पोळ्याच आहेत, काकू. तुम्हाला देऊ एक?"

"नगं बाय, माजं दात मोजकंच राह्यल्यात. पर काय रीत म्हनायची तुमची. मास्तराच्या वर्गात लाटनं आन् घरात बोटं. जगाच्या उलटं हाय सगळं."

गुरुजी हसले. एलिझाबेथनं तवा फिरवला. गावात हा विनोद इतका जुना झाला होता की तो करणाराही आता त्याला हसत नसे.

जेवताना गुरुजींनी पहिला तुकडा बराच वेळ चघळला.

"कच्ची राहिली का?" तिनं विचारलं.

"नाही. माझे दात शाबूत आहेत का ते तपासतोय. आहेत."

पाण्याचा तांब्या त्यांनी तिच्याकडं सरकवला आणि स्वतः अर्ध्या पेल्यावर जेवण भागवलं. बहात्तरचा पाऊस आला नव्हता. गावची विहीर तळाला गेलेली, बारव कोरडी, आणि सकाळी सुप्याकडून टँकर येईल तेवढंच पाणी. अर्ध्या पेल्याचं कुणाला काही वाटत नसे.

आता लाटण्याचं सांगितलं पाहिजे.

लाटणं शिसवी होतं. एलिझाबेथच्या आईनं, मरियाबाईनं, ते लग्नात नगरहून आणलं होतं. रविवारी देवळातून आलं की ती पोळ्या करायची. हप्त्यातला तोच एक पोळ्यांचा दिवस. लाटणं पोळपाटावर फिरताना एका बाजूला किंचित कुरकुरायचं आणि छोटी एलिझाबेथ त्या आवाजावर बाहेरून पळत यायची. एका उन्हाळ्यात मरियाबाई तापानं गेली. बायका म्हणाल्या, देवाघरी गेली. पाळकसाहेब म्हणाले, प्रभूमध्ये निजली. मुलीनं दोन्ही ऐकून घेतलं. देवाघरी गेलेलं माणूस येऊ शकतं आणि निजलेलं उठू शकतं, म्हणून ती काही दिवस बऱ्यापैकी शांत होती.

घरी बघायला कुणी नसल्यानं गुरुजी तिला शाळेत नेऊन मोठ्या मुलांच्या वर्गात मागं बसवत. पुस्तकातलं इंग्रजी बर्फाचं आणि जहाजांचं असतं, ते इथं कुणाला कधी बोलायला लागणार, असं गुरुजींचं म्हणणं. त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. पोरांनी घरातली एखादी वस्तू आणायची आणि ती कुणाची, हे इंग्रजीत सांगायचं. पण तेवढ्यावर सुटका नव्हती. कुणाची, आणि कधी. "नुसतं माझं-तुझं कावळाही ओरडतो," गुरुजी म्हणत. "शेपूट लावा. आजोबांची, पण केव्हा? ते तालमीत जायचे तेव्हा? त्यांचा हात मोडायच्या आधी? तुझ्या बापानं विकेपर्यंत? माणूस परमुलखात गेला तरी त्याला एवढंच सांगता यावं लागतं. हे कुणाचं होतं, आणि केव्हापर्यंत."

आई गेल्याला महिनाही झाला नसेल. गुरुजी वर्गात आले, पिशवीतून लाटणं काढलं आणि टेबलावर ठेवलं. पोरं हसली. गुरुजी हसले नाहीत.

"धिस वॉज माय वाइफ्स," ते म्हणाले, "बिफोर शी डाइड." हे माझ्या बायकोचं होतं, ती मरण्यापूर्वी. फळ्यावर लिहिलं. मग लाटण्याचं टोक एकेका शब्दाखाली धरून सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतलं. भरलेला वर्ग एका सुरात ओरडला, तीनदा. मागच्या बाकावरच्या मुलीला एवढं इंग्रजी येत होतं. देवाघरी नाही, निजली नाही. डाइड. ते तिला कुणी घरी सांगितलं नव्हतं. ते तिनं असं ऐकलं, गावच्या पोरांच्या तोंडून, बे एक बेच्या चालीवर.

तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि काही बोलली नाही. गुरुजींनी थोडं थांबून म्हटलं, "बस. तुझं वाक्य बाकी."

घरी आली तर फळीवर पोळपाट एकटाच उभा होता. लाटणं वर्गातच राहिलं. त्यानंच गुरुजी शब्द दाखवत, त्यानंच फळ्यावर रेघा मारत, त्याचाच टेबलावर ठोका देऊन वर्ग सुटला असं सांगत. त्या घरात पुन्हा पोळी लाटली गेली नाही. एलिझाबेथ मोठी झाली, ट्रेनिंग करून गावातल्याच शाळेत मराठी शिकवू लागली, नगरच्या वाचनालयातून इंग्रजी कादंबऱ्या आणून संपवू लागली. इंग्रजी वाचायची भरपूर. तोंडानं मात्र एक वाक्य बोलायची नाही. आणि बाजारातून नवं लाटणं आणावं, असं तिलाही वाटलं नाही, गुरुजींनाही. ते दोघांनाही सहज जमण्यासारखं होतं.

त्या शनिवारी संध्याकाळी ती नेहमीसारखी पुस्तक घेऊन वर्गाच्या मागच्या पायरीवर बसली. देवळाशेजारच्या ओट्यावर वर्ग भरायचा. दिवसभर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडून, माती वाहून आलेली पोरं-पोरी. हातपाय धुवायला पाणी नाही म्हणून तशीच, भुरकट. परीक्षेला बसतील न बसतील. गुरुजी फुकट शिकवत आणि पोरं बसून तरी राहत.

कडूबाईनं घुंगरमाळ आणली होती. पंधरा-सोळा वर्षांची पोर, कामावर मुकादमालाही ऐकवायची.

"धिस वॉज अवर बुल्स," ती म्हणाली, "बिफोर वुई सोल्ड हिम."

"बैलाची कशी आसंल?" सहादेव म्हणाला. तो वर्गात सगळ्यांत थोराड, मिशा फुटलेला. "बैलाला काय कळतंय आपलं कुठलं नि लोकाचं कुठलं?"

"तुला कळतं का?" गुरुजींनी विचारलं. "काल माझी चप्पल घालून घरी गेलास."

"अंधार व्हता, गुर्जी."

"अंधार तुझ्यासारखाच मलाही होता. मी अनवाणी गेलो."

वर्ग हसला. कडूबाई घुंगरमाळ हातात घेऊन तशीच उभी होती. गुरुजींनी लाटण्यानं तिच्याकडं बोट केल्यासारखं केलं. "बरोबर आहे तिचं. बैलाचीच. म्हण पुन्हा." ती पुन्हा म्हणाली. पुन्हा म्हणताना तिचा आवाज पहिल्याइतका मोठा नव्हता.

घरी जाताना गुरुजींनी लाटणं पिशवीत घातलं नाही, ओट्यावरच्या खुंटीला दोरीनं टांगून ठेवलं. तसं ते रोजच ठेवत. वाटेत म्हणाले, "एलिझा, तुझं वाक्य बाकी आहे."

हेही वर्षानुवर्षांचं होतं. चिडवणं नव्हतं, आठवण देणंही नव्हतं. एखादा माणूस रोज घड्याळाला चावी देतो तसं होतं.

"उद्या," ती म्हणाली. तेही रोजचंच.

दुसऱ्या दिवशी देवळात जाण्याआधी गुरुजी घागर घेऊन टँकरच्या रांगेला गेले. ती म्हणाली होती मी जाते. ते म्हणाले, तू केस विंचर. टँकर यायला उशीर झाला, तोवर लोक लिंबाखाली बसले. गुरुजी बुंध्याला टेकून, घागर दोन्ही पायांत धरून बसलेले. टँकर आला, रांग हलली. त्यांच्या मागच्या बाईनं दोनदा हाक मारली, गुर्जी, नंबर आला. डुलकी लागली असंल म्हणून तिनं त्यांची घागर घेतली, भरली आणि त्यांच्यापुढं आणून ठेवली. मग खांद्याला हात लावला.

भरलेली घागर सहादेवनं घरी आणून दिली. त्यातलं पाणी काय करावं ते कुणाला कळेना. संध्याकाळपर्यंत ती दारात तशीच होती.

माती इतकी कडक झाली होती की कबर खणायला तलावाच्या कामावरची पोरं सरकारी पहारी आणि टिकाव घेऊन आली. मुकादमानं काही म्हटलं नाही. त्या पोरांना दगड कसा फोडायचा ते आता चांगलं ठाऊक झालं होतं. शवपेटीवर सहादेवनं खुंटीवरचं लाटणं आणून ठेवलं. पाळकसाहेब थबकले, ते त्यांना देवळाच्या रीतीत बसवता येईना. शेवटी हळूच उचलून त्यांनी ते एलिझाबेथच्या हातात दिलं.

इतक्या वर्षांत तिनं ते पहिल्यांदा धरलं. वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं. मधोमध गुरुजींच्या मुठीनं गुळगुळीत झालेलं, दोन्ही टोकं खडूनं पांढरी. नाकाशी नेलं तर तुपाचा, पिठाचा कसलाही वास नव्हता. खडूचा होता.

घरी तिनं ते फळीवर पोळपाटापाशी ठेवलं. धुतलं नाही. धुतलं तर वडील जातील आणि न धुतलं तर आईचं राहणार नाही, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं, पण त्या दिवसांत तिला कुठलाही विचार शेवटापर्यंत नेण्याचं त्राण नव्हतं. झुंबरबाई दोन्ही वेळा पिठलं-भाकरी आणून देत होती आणि समोर बसून खायला लावत होती.

"कसं झालं गं?" येणारी बाई विचारायची.

"प्रभूमध्ये निजले," एलिझाबेथ सांगायची. ते शब्द आपोआप येत. त्यांना काही उचलावं लागत नसे.

आठवडा होता होता कोपरगावहून कानिफनाथ आला. गुरुजींचा जुना विद्यार्थी, आता तिकडच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा. अंगानं सुटलेला, टक्कल पडायला लागलेलं. गोदाकाठचं पाणी मानवलं होतं. एसटीतून उतरून उन्हाचा चालत आला आणि ओसरीवर बसून घाम पुसू लागला. मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीतून लाटण्याचं टोक बाहेर आलं होतं.

एलिझाबेथनं ते पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

"हे काय, कानिफनाथ?"

त्यानं पिशवीकडं पाहिलं. "हां, हे. माझं. रोजचं."

"वर्गात?"

"मग? आता हसतात पोरं पहिल्या दिवशी, नंतर सवय होते. खरं सांगू का बाई, लहानपणी मला वाटायचं, इंग्रजी शिकवायला लाटणंच लागतं. इतिहासाला नकाशा, भूगोलाला गोल, तसं इंग्रजीला लाटणं. ट्रेनिंगला गेलो तर तिथल्या सरांच्या हातात साधी पट्टी. मी मनात म्हटलं, हे सर कच्चे दिसतात."

झुंबरबाई भिंतीला टेकून बसली होती. "आन् तुजी बायकू? ती कशानं लाटती?"

"तिला दुसरं आणून दिलंय, आजी."

"श्याना हायेस," झुंबरबाई म्हणाली आणि एलिझाबेथकडं न बघता पदर सारखा केला.

एलिझाबेथनं गुळाचा कोरा चहा दिला. तो बशीत ओतून कानिफनाथ बराच वेळ फुंकत राहिला. त्याला काहीतरी मागायचं होतं, हे तिला दिसत होतं.

"बाई, गुरुजींचं लाटणं मला मिळालं तर. आमच्या शाळेत काचेच्या कपाटात ठेवीन. खाली नाव लिहीन. तुम्हाला इथं त्याचा तसा काही उपयोग नाही."

"न्या," ती म्हणाली.

शब्द तोंडातून बाहेर पडून गेला होता. नको म्हणायला आणि न्या म्हणायला तिला आयुष्यात कधी वेळ लागला नव्हता. वेळ लागायचा तो बाकीच्याला. झुंबरबाईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"आज संध्याकाळचा वर्ग मी घेतो," कानिफनाथ खुशीत येऊन म्हणाला. "पोरांना बरं वाटेल. वर्ग झाला की घेऊन जातो." मग चहा संपवता संपवता म्हणाला, "गुरुजींनी लाटणं पहिल्यांदा वर्गात आणलं त्या दिवशी मी पुढच्या बाकावर होतो. तुम्ही मागं होता. आठवतं?"

"आठवतं."

"मी टोपी विसरलो त्या दिवशी. परत आलो तर वर्गात गुरुजी एकटेच. फळ्याकडं तोंड करून उभे, हातात लाटणं. वाक्य म्हणत होते, पण शेपूट दरवेळी निराळं. माय वाइफ्स, व्हेन शी वॉज हिअर. माय वाइफ्स, टिल शी वेंट. मग म्हणाले, टिल शी कम्स बॅक. ते दोन-तीनदा म्हणाले. ती परत येईपर्यंत. मग फळा पुसला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतंच, तरी पुसला."

तिनं बशी हातात घेतली होती, ती खाली ठेवली.

"उद्याच्या धड्याची तयारी चालली होती," कानिफनाथ म्हणाला. "मी तीच पद्धत उचलली बघा. आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात उभं राहायचं आणि सगळी शेपटं एकट्यानं म्हणून बघायची. फार उपयोग होतो."

"होत असेल," एलिझाबेथ म्हणाली. "अजून थोडा चहा घेता?"

तो गेल्यावर ती फळीसमोर उभी राहिली. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं तरी पत्र्याची धग तशीच होती. घरात गुरुजींनी आईचं नाव काढलेलं तिला आठवत नव्हतं. ख्रिस्तजयंतीलाही नाही. भिंतीवर फोटो नव्हता, बोलण्यात विषय नव्हता. इतकी वर्षं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं की यांनी आईचा धडा केला, पोरांना ओरडायला दिला आणि मोकळे झाले. आता तिला वाटलं, मराठीत ते वाक्य त्यांना उचलवलंच नसावं. देवाघरी म्हणायचं नव्हतं, मेली म्हणवत नव्हतं. परक्या भाषेत तेवढं जमलं, तेही सगळा वर्ग बरोबरीनं ओरडायला घेऊन. आणि मग पोरं गेल्यावर तेही पुरेना, म्हणून एकटे उभे राहून त्याचं शेपूट बदलत राहिले.

आणि घरी मुलीला म्हणत राहिले, तुझं वाक्य बाकी आहे.

तिला त्यांचा राग आला नाही. राग आला नाही म्हणून हलकंही वाटलं नाही. फक्त खूप दमल्यासारखं झालं, जसं दोन्ही हातांत काहीतरी धरून फार लांब चालत आल्यावर कुणी ते खाली ठेवायला सांगावं आणि बोटं उघडू नयेत.

लाटणं घेऊन ती संध्याकाळी ओट्यावर गेली, ते कानिफनाथच्या हातात दिलं आणि मागं पायरीवर बसली. पुस्तक आणलं नव्हतं. पोरं कामावरून आली, धुळीची, नेहमीपेक्षा गप्प. कडूबाई पुढं बसली होती, सहादेव खांबाला टेकून.

कानिफनाथनं गुरुजींविषयी चार शब्द सांगितले. बरे सांगितले. मग लाटणं वर धरून म्हणाला, "आज वस्तू मी आणलेली नाही, तुमच्यासमोरच आहे. हे कुणाचं?"

"गुर्जींचं," वर्ग म्हणाला.

"आणि केव्हा? शेपूट?"

कानिफनाथ फळ्याकडं वळला आणि मोठ्या, घोटीव अक्षरात लिहिलं. मग लाटण्याचं टोक एकेका शब्दाखाली धरत म्हणाला, "म्हणा माझ्यामागं. धिस वॉज गुरुजीज, बिफोर ही डाइड."

वर्ग म्हणाला. पहिल्यांदा विस्कळीत, दुसऱ्यांदा एका सुरात. तीच चाल होती. बे एक बेची.

तिसऱ्यांदा सुरू करण्याआधी एलिझाबेथ पायरीवरून उठली.

"काय झालं, बाई?" सहादेवनं विचारलं. त्याला वाटलं तिला भोवळ आली.

"माझं वाक्य बाकी आहे," ती म्हणाली.

कुणालाच काही कळलं नाही, पण पुढं बसलेल्या पोरींनी सरकून वाट दिली. ती फळ्यापाशी गेली आणि हात पुढं केला. कानिफनाथनं तिला खडू दिला. तिनं खडू टेबलावर ठेवला आणि हात तसाच पुढं धरला. मग त्यानं लाटणं दिलं.

"धिस वॉज माय मदर्स," ती म्हणाली.

इतकी पुस्तकं वाचून तिनं इंग्रजी कधी तोंडात घेतलं नव्हतं. स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. दुसऱ्याच कुणाचा असावा तसा तो ओट्यावरून पलीकडं गेला. ती थांबली.

"शेपूट, बाई," कडूबाई सवयीनं म्हणाली आणि ओशाळली.

"बिफोर शी डाइड."

वर्गानं ते मागून म्हटलं नाही. कानिफनाथ फळ्यावरच्या आपल्या अक्षरांकडं बघत होता. फळा पुसायचा की नाही ते त्याला ठरवता येईना.

"पण बाई, तुम्ही दुपारी न्या म्हणाला होता," तो हळू आवाजात म्हणाला. तक्रार नव्हती त्यात.

"म्हणाले होते." तिनं लाटणं दोन्ही हातांनी धरलं, लाटताना धरतात तसं. तळव्यांना खडू लागला. "हे माझ्या आईचं आहे, कानिफनाथ. आई मेली तेव्हा मला ते हवं होतं. पप्पा होते तोवर मी मागितलं नाही. मला हवंय."